लोकसंगीतात सायकेडेलिक (गुंगी आणणारे) रंग भरताना या चुका टाळा

सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या पाच मिनिटांतच होतं: लोकगीताचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आणलं की लगेच क्वांटाइझ, म्हणजे प्रत्येक आघात समान अंतरांच्या चौकटीवर (ग्रिडवर) ओढणं. वादक कडव्यावरून धृपदावर येताना लय किंचित चढवतो, काही आघात मुद्दाम रेंगाळत ठेवतो. ते आघात ग्रिडवर ओढले की गाण्याची चालच मरते. त्याऐवजी मूळ वादनावरून टेम्पो मॅप (लय कुठे किती आहे याचा नकाशा) बनवा आणि किक (खर्जातला ठोका), सिक्वेन्सर (सूर-ठोके क्रमाने वाजवणारं साधन), डिले (प्रतिध्वनी देणारं साधन) त्याच्यामागे चालवा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) एका मात्रेचा डिले ५०० मिलिसेकंद. लय ११६ वर उतरली की तो ५१७ हवा. जुन्याच आकड्यावर राहिला तर प्रतिध्वनींचा चिखल होतो.

ताल मोजल्याशिवाय लूप (पुन्हापुन्हा फिरणारा तुकडा) टाकू नका. बल्गेरियाच्या राचेनित्सा नाचाचा ताल ७ मात्रांचा, २+२+३ असा. त्याखाली ४ मात्रांची लूप लावली तर दोघांची सम २८ मात्रांनी एकदा जुळते. ठरवून केलंत तर विलक्षण गुंगी येते, नकळत झालं तर पाऊल अडखळतं.

सुरांच्या बाबतीत तर मला फार वाईट वाटतं. सिंथ (सिंथेसायझर) आणि गायिका जुळत नाहीत म्हणून लोक गायिकेवर पिच करेक्शन (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) लावतात! नैसर्गिक शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंट्सवर असतो (१०० सेंट्स म्हणजे कीबोर्डवरचा अर्धा सूर), कीबोर्डचा ४०० वर. दुरुस्ती सिंथची करा. मायक्रोट्यूनिंगची (सूर किंचित वर-खाली लावण्याची) सोय बऱ्याच सिंथमध्ये असते. तुर्कस्तानात १९६०-७० च्या दशकांत बाग्लामा या तिथल्या तंतुवाद्याला पिकअप (तारांचे कंप विजेत बदलणारं साधन) बसले, आवाज विजेचा झाला, पण पाव सुरांचे पडदे गेले नाहीत. म्हणून ते संगीत आजही तिथलंच वाटतं.

एकाच आधारसुरावर उभ्या असलेल्या गाण्याखाली चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) फिरवू नका. तो सूर सिंथने धरा आणि फिल्टर (आवाजाचा काही भाग झाकणारं साधन) दोन-तीन मिनिटं घेऊन सावकाश उघडा. हवी ती तंद्री तिथेच लागते.

शब्द बुडत असतील तर रिव्हर्ब (खोलीसारखी घुमणारी गुंज) सेंडवर, म्हणजे मूळ आवाजापासून वेगळ्या वाटेवर, न्या, त्यातलं २०० हर्ट्झखालचं कापा, ३०-४० मिलिसेकंद प्री-डिले (गुंज सुरू होण्याआधीची थोडी उसंत) द्या. मोठा ढोल आणि किक एकमेकांवर आदळत असतील तर खर्ज दोघांपैकी एकालाच द्या.

जुनं ध्वनिमुद्रण वापरताना गीत पारंपरिक आहे एवढ्यावर थांबू नका, मुद्रणाचे हक्क वेगळे असतात. गायिका हयात असेल तर परवानगी घ्या, मोबदला ठरवा, श्रेयात नाव लिहा आणि अंतिम मिक्स आधी तिला ऐकवा. ओळ कुठे भलत्याच जागी तुटली आहे, ते तिला लगेच कळेल.