अमेरिकेचा सर्वांत चांगला अध्यक्ष कोण, सर्वांत वाईट कोण? वाद घालताना या चुका टाळा

दाजी दरवर्षी गणपतीला न्यू जर्सीहून येतात. आरती झाली, खिरापत वाटली, की आमच्या दिवाणखान्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. थोरले काका निक्सनला सोडत नाहीत, दाजी रेगनविरुद्ध ब्र ऐकून घेत नाहीत, आणि इतिहासात एम.ए. केलेली पुतणी दोघांनाही "आधी साल सांगा" म्हणून अडवते. दहा-बारा वर्षं मी हे ऐकतोय. वाद कोणी जिंकल्याचं आठवत नाही. फसतो मात्र तो दरवेळी त्याच त्याच ठिकाणी.

साल न बघता बिल फाडणं

पुतणीचा प्रश्न साधा वाटतो, पण निम्मी भांडणं तिथंच मिटतात. १९२९ची महामंदी म्हटली की बिल हर्बर्ट हूवरच्या नावावर फाटतं. हूवर ४ मार्च १९२९ला खुर्चीत बसला आणि शेअर बाजार ऑक्टोबरअखेर कोसळला. एवढा मोठा फुगा आठ महिन्यांत कोणी फुगवत नाही. हवा त्याच्या आधीचा अध्यक्ष कूलिज याच्या काळापासून भरली जात होती. तरी हूवर निर्दोष सुटत नाही. जून १९३०मध्ये त्यानं स्मूट-हॉली कायद्यावर सही करून आयातशुल्क वाढवलं, तेही हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञ 'सही करू नका' असं लेखी सांगत असताना. दुसऱ्या देशांनी उलटे कर लावले आणि आधीच आटलेला व्यापार आणखी आटला. आरोप ठेवायचा तर हा ठेवा, बाजार कोसळल्याचा नको.

दाजींच्या लाडक्या रेगनचंही तसंच. "रेगन आला आणि महागाई पळाली," हे त्यांचं पेटंट वाक्य. महागाई पळाली हे खरं: १९८०मध्ये १३.५ टक्के होती, १९८३मध्ये ३.२ टक्क्यांवर आली. पण ती हाकलली व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास नेणाऱ्या पॉल व्होल्करनं, आणि व्होल्करला फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, नेमलं होतं १९७९ साली जिमी कार्टरनं. त्या कडू औषधापायी कार्टरची निवडणूकही काही अंशी गेली. रेगनला द्यायचं श्रेय वेगळं आहे: १९८२मध्ये बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली असतानाही त्यानं व्होल्करला हटवलं नाही, उलट पुढच्या वर्षी पुन्हा नेमलं. इराणमध्ये तेहरानला ओलीस धरलेल्या ५२ अमेरिकींची तर गोष्टच निराळी. ४४४ दिवस अडकलेली ही माणसं २० जानेवारी १९८१ला, रेगनच्या शपथविधीनंतर काही मिनिटांत सुटली. वाटाघाटी कार्टरच्या माणसांनी केल्या होत्या, फोटो रेगनच्या काळात निघाला.

चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांना घरादारातून हुसकावून पश्चिमेला चालवत नेलं, त्यात हजारो मेले. नाव निघतं अँड्र्यू जॅक्सनचं. १८३०चा कायदा त्याचाच, आणि मूळ पापही त्याचंच. पण ती पायपीट घडली १८३८-३९मध्ये, मार्टिन व्हॅन ब्युरन अध्यक्ष असताना. त्याचं नाव मात्र कोणी घेत नाही.

मोजपट्टी खिशात ठेवून मोजायला बसणं

काका 'चांगला' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात सज्जनपणा असतो. दाजींच्या मनात असतो कर्तृत्वाचा आकडा. दोघं एकच शब्द वापरून दोन वेगळ्या वस्तू तोलत असतात, मग तराजू कसा थांबणार?

जेम्स पोक हा माणूस या कामी फार उपयोगी पडतो. १८४५मध्ये आला तेव्हा त्यानं चार कामं करायचं ठरवलं होतं: आयातशुल्क कमी करायचं, सरकारी तिजोरी खासगी बँकांपासून वेगळी करायची, ऑरेगनचा ब्रिटनशी असलेला तंटा मिटवायचा आणि कॅलिफोर्निया मिळवायचा. एकच मुदत राहीन असंही त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. चार वर्षांत चारही कामं उरकली, बोलल्याप्रमाणे घरी गेला आणि तीन महिन्यांत वारला. 'बोले तैसा चाले' ही मोजपट्टी लावली तर याच्या पायाला हात लावायला हवा. पण कॅलिफोर्निया आला तो मेक्सिकोवर युद्ध लादून. आणि त्या युद्धात मिळालेल्या मुलखात गुलामगिरी असावी की नसावी, या भांडणानं देश यादवी युद्धाकडे ढकलला गेला. आता सांगा, पोक वर की खाली?

अमेरिकेतल्या सी-स्पॅन या वाहिनीनं २०००, २००९, २०१७ आणि २०२१ साली इतिहासकारांकडून क्रमवारी करून घेतली, तेव्हा एकच गुण न मागता दहा निकषांवर वेगवेगळे गुण मागितले. संकटातलं नेतृत्व, अर्थकारण, नैतिक अधिकार, काँग्रेसशी (म्हणजे तिथल्या संसदेशी) संबंध, सर्वांना समान न्याय, असे. घरी दहांची गरज नाही. तीन पुरेत, पण वाद सुरू होण्याआधी कागदावर लिहा. मधेच बदलू देऊ नका. आमचे काका बदलतात.

आपल्याला काय मिळालं यावरून निकाल देणं

ही खास आपली चूक. काकांसाठी निक्सन म्हणजे डिसेंबर १९७१ आणि बंगालच्या उपसागराकडे निघालेली 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका. राग रास्तच आहे. पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू असताना ढाक्यातल्या खुद्द अमेरिकी अधिकाऱ्यांनी एप्रिलमध्ये आपल्याच सरकारच्या गप्प राहण्याचा लेखी निषेध केला होता, आणि निक्सननं तो कानाआड केला. तेव्हा काकांचा मुद्दा भारतापुरता नाही, तो नैतिक मुद्दा म्हणून उभा राहू शकतो. पण त्यांना तो तसा मांडायचाच नसतो. "आपल्यावर जहाज पाठवलं" इथंच गाडी अडते. मग १९७०ची पर्यावरण संरक्षण संस्था, १९७२ची चीनभेट, आणि वॉटरगेट घोटाळ्यापायी ९ ऑगस्ट १९७४चा राजीनामा, यातलं काहीच बोलणं होत नाही. शिवी द्यायलासुद्धा पूर्ण माणूस समोर हवा.

उलट टोकाला धाकटे बुश. २००८च्या अणुकरारामुळे आपल्याकडे अनेकांना ते प्रिय. इराक युद्ध आणि २००८चा आर्थिक बाजार उठल्याचा हिशोब मांडून अमेरिकी इतिहासकारांनी २००९मध्ये त्यांना छत्तिसावं ठेवलं होतं.

सगळं एकाच माणसाच्या अंगावर घालणं

'लिंकननं गुलामगिरी संपवली' हे शाळेत पाठ केलेलं वाक्य. १ जानेवारी १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा फक्त देशातून फुटून निघालेल्या बंडखोर राज्यांतल्या मुलखाला लागू होता. केंटकी, मिसूरी, मेरिलंड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली राज्यं लिंकनच्या बाजूनं होती, त्यांना तो लागू नव्हता. गुलामगिरी देशभर कायद्यानं संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीला डिसेंबर १८६५मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा. लिंकनला जाऊन तोवर आठ महिने झाले होते. मधल्या काळात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक केंद्राच्या बाजूनं लढले, गुलामगिरीतून सुटून आलेल्या फ्रेडरिक डग्लससारख्यांनी लिंकनचा पिच्छा पुरवला. यानं लिंकन लहान होत नाही. दुरुस्ती काँग्रेसमधून पार करून घ्यायला त्यानं जिवाचं रान केलं होतं. पण तो एकटा नव्हता.

हे जोतीराव फुल्यांना पुण्यात बसून कळलं होतं. १८७३मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. अध्यक्षाला नाही.

आणि हो, लिंकनचं 'मुलाच्या गुरुजींना पत्र'. आपल्याकडे कितीतरी शाळांच्या भिंतीवर ते चौकटीत लावलेलं असतं. वाचायला सुंदर आहे, पण लिंकनच्या उपलब्ध पत्रव्यवहारात असं पत्र सापडत नाही. लिंकनच्या बाजूनं बोलताना हे पत्र काढलंत तर पुतणीसारखं कोणीतरी तुम्हाला तिथंच बाद करेल.

निकाल लवकर लावणं

फेब्रुवारी १९५२मध्ये गॅलपच्या पाहणीत हॅरी ट्रुमनच्या कामावर खूश असलेले लोक २२ टक्के उरले होते. कोरियाचं युद्ध रेंगाळलेलं, मॅकआर्थरसारख्या लोकप्रिय सेनापतीला घरी पाठवलेलं. आज तोच ट्रुमन पहिल्या दहांत असतो. आयझेनहॉवरला १९६२च्या यादीत इतिहासकारांनी खालच्या निम्म्यात टाकलं होतं. गोल्फ खेळणारा, बाकी सहकाऱ्यांवर सोडणारा आजोबा अशी प्रतिमा. पुढं त्याची कागदपत्रं उघडली आणि पडद्याआडून सगळी सूत्रं हाच हलवत होता असं दिसलं. सी-स्पॅनच्या २०२१च्या यादीत तो पाचवा.

पण यात खरा बघण्यासारखा नमुना म्हणजे १८६९ ते ७७ अध्यक्ष असलेला ग्रँट. सी-स्पॅनच्या यादीत २०००मध्ये ३३वा, २०२१मध्ये २०वा. मेलेल्या माणसानं एकवीस वर्षांत असं काय केलं? त्यानं काही केलं नाही, वाचणाऱ्यांचा चष्मा बदलला. ग्रँटच्या सरकारात लाचखोरी होती, दारूवरच्या कराची लूट थेट त्याच्या खासगी सचिवापर्यंत पोचली होती, हे आजही कोणी नाकारत नाही. मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या इतिहासकारांनी त्या काळाचं चित्र रंगवलं, त्यांना दक्षिणेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मतदान आणि पदं मिळणं हीच मुळात चूक वाटत होती. त्यामुळे ग्रँटनं १८७१मध्ये कायदा करून आणि सैन्य पाठवून कू क्लक्स क्लॅन ही कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना मोडून काढली, ही त्यांच्या खात्यात जमेची बाजू नव्हतीच. नागरी हक्कांच्या चळवळीनंतरच्या पिढीनं तेच कागद पुन्हा वाचले आणि भ्रष्टाचाराच्या खाली दबलेली ही नोंद वर आली. याच चष्म्यातून बघितल्यावर वुड्रो विल्सन सहाव्यावरून तेराव्यावर घसरला, कारण केंद्रीय कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणं त्याच्याच सरकारनं वाढवलं होतं.

म्हणून सध्या खुर्चीत असलेल्या माणसाला यादीत घ्यायचंच नाही, हा आमच्या घरचा नियम. मोडला जातो, पण नियम आहे.

किरकोळ, पण नाचक्की करणाऱ्या

विल्यम हेन्री हॅरिसनला 'वाईट' म्हणू नका. १८४१मध्ये दोन तासांच्या आसपास भाषण ठोकून शपथ घेतली आणि ३१ दिवसांत वारला. परीक्षेला न बसलेल्याला नापास कसं करणार?

"सत्तेचाळीस अध्यक्ष झाले" असं म्हणू नका. क्लीव्हलंड बाविसावाही आहे आणि चोविसावाही. ट्रम्पही दोनदा मोजले जातात. माणसं ४५.

बायोडेटा बघून भुलू नका. जेम्स ब्युकॅनन खासदार, सिनेटर, रशिया आणि ब्रिटनमधला राजदूत, परराष्ट्रमंत्री, सगळं होऊन अध्यक्ष झाला. राज्यांना फुटून जाण्याचा हक्क नाही, पण त्यांना अडवण्याचा अधिकार मलाही नाही, असं म्हणत तो बसून राहिला आणि त्याच्या डोळ्यांदेखत सात राज्यं फुटली. यादीत बहुधा तळाशी तोच. त्याच्या जागी आलेल्या लिंकनकडे काँग्रेसमधली फक्त दोन वर्षं होती.

वाद अडकलाच तर

आवाज चढले की पुतणी एक युक्ती करते. प्रत्येकानं आपल्या लाडक्या अध्यक्षाचा सर्वांत मोठा गुन्हा स्वतःच्या तोंडानं सांगायचा. लिंकनवाल्यानं डिसेंबर १८६२मध्ये मिनेसोटात एकाच दिवशी फाशी गेलेले ३८ डकोटा लोक सांगायचे. ३०३ शिक्षांमधून त्यानं इतक्यांवर आणलं हेही सांगायची मुभा आहे. फ्रँकलिन रूझवेल्टवाल्यानं १९४२मध्ये छावण्यांत कोंडलेले सव्वा लाखाच्या घरातले जपानी वंशाचे लोक सांगायचे, ज्यातले बहुतेक अमेरिकी नागरिक होते. ज्याला आपल्या माणसाचा एकही गुन्हा आठवत नाही, त्याची त्या फेरीतली पाळी जाते. दाजींची दोनदा गेली आहे.

गेल्या गणपतीत मात्र काका आणि दाजी चक्क एका बाजूला आले. लिंडन जॉन्सन सर्वांत वाईट, यावर दोघांचं एकमत. काकांचं कारण गहू: १९६५ ते ६७च्या दुष्काळी दिवसांत जॉन्सन भारताला धान्याची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशोबानं सोडायचा, आणि इथं रेशनच्या रांगेत मिलो ही अमेरिकी लाल ज्वारी हातात पडायची. दाजींचं कारण व्हिएतनाम, तिथं मेलेले ५८ हजारांवर अमेरिकी. दोन्ही कारणं भक्कम. कोणी १९६४चा नागरी हक्क कायदा आणि पुढच्या वर्षीचा मतदानहक्क कायदा पुढं केला, तर दाजी म्हणाले, "तो काँग्रेसचा."

पुतणी मोदकाचं ताट फिरवत होती. "दाजी, तुमचे काका अमेरिकेत कधी गेले?"

"एकोणसत्तर. त्यांच्यामुळेच तर आम्ही सगळे."

"त्यांच्या आधी काही वर्षं अमेरिकेत स्थायिक व्हायला भारताचा वर्षाचा कोटा किती माणसांचा होता?"

"असेल पाच-दहा हजार."

"शंभर. तीन ऑक्टोबर पासष्टला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याखाली बसून ज्या कायद्यानं तो मोडीत काढला, त्यावर सही कोणाची होती?"

दाजींनी ताटाकडे बघितलं. "तळणीचे आहेत का यात?"