अ‍ॅम्बेसेडरचा डिस्ट्रिब्युटर घरी बदलणे आणि टायमिंग लावणे

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन असलेली जुनी गाडी ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांना पॉइंटवर (उघडझाप करणाऱ्या विजेच्या संपर्कांवर) चालणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्रत्येक प्लगला त्याच्या वेळी ठिणगीची वीज पोहोचवणाऱ्या भागाचे, काम आजही कधी ना कधी करावेच लागते. पॉइंट आणि कन्डेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शमवणारा भाग) नवे घालूनही इंजिन मिस मारत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून रोटर (आत फिरून प्लगना वीज वाटणारा भाग) चिमटीत धरावा आणि आडवा हलवून पाहावा. बोटांना स्पष्ट खटखट जाणवली तर आतले बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी नळी, झिजले आहे. अशा शाफ्टवर पॉइंटची गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) कितीही वेळा लावले तरी स्थिर राहत नाही, म्हणून तो डिस्ट्रिब्युटर बदलणेच योग्य.

जुना डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी बॅटरीची वायर सोडवावी, प्लगच्या वायरींवर क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावाव्यात आणि चारही प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून, रेडिएटरकडील पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर सहकाऱ्याला अंगठा धरायला सांगावे आणि समोरून हँडल घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवावे. हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक सुरू झाला असे समजावे आणि पुलीवरची खाच टायमिंग कव्हरवरच्या टोकदार खुणांपर्यंत आणावी. ही पायरी गाळून केवळ खाच जुळवल्यास पिस्टन एक्झॉस्टच्या स्ट्रोकलाही वरच असू शकतो आणि मग साऱ्या वायरी उलट्या बसतात. खाच बहुधा तेलकटाने माखलेली असते. ती रॉकेलच्या फडक्याने पुसून तीत खडू भरावा.

आता रोटरचे तोंड कोणत्या दिशेला आहे याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, व्हॅक्यूमची नळी आणि कॉइलकडे (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडे) जाणारी बारीक वायर सोडवावी, क्लॅम्पची पट्टी इंजिनला धरून ठेवणारे दोन स्क्रू काढावेत आणि डिस्ट्रिब्युटर सरळ वर ओढावा. त्याच्या शाफ्टच्या टोकाला असलेली जीभ मध्यापासून किंचित एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे नवा डिस्ट्रिब्युटर खाली एकाच रीतीने बसतो. तो पूर्ण खाली जात नसेल तर रोटर हळूहळू फिरवत राहावे, जीभ खाचेत आपोआप उतरते. इथे हातोडीला हात लावू नये.

टायमिंगच्या आधी गॅप, हा क्रम मोडू नये. कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि लावलेले टायमिंग पुढे सरकते. पॉइंटचा फायबरचा ठोकळा शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्यावर आणून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्याने) गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. पाते हलके घासत सरकले पाहिजे. गेजचे तेल पॉइंटवर राहिले तर ते जळते, म्हणून पाते आधी कोरडे पुसावे.

त्यानंतर इंजिन थोडे मागे नेऊन पुन्हा पुढे फिरवावे, म्हणजे दात्यांमधली ढिलाई निघून जाते, आणि खाच आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या अंशांच्या खुणेवर थांबवावी. कॉइलकडची बारीक वायर डिस्ट्रिब्युटरला जोडावी आणि कॉइलची जाड वायर इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावी. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या त्याच टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला जोडून, बॅटरी पुन्हा लावून इग्निशन चालू करावे. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो आणि उघडताच पेटतो. या इंजिनात रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर आधी त्याच दिशेने बल्ब विझेपर्यंत वळवावा आणि मग घड्याळाच्या दिशेने केसभर केसभर सरकवत, बल्ब पेटला त्या क्षणी थांबवून क्लॅम्पचा बोल्ट आवळावा. आवळताना डिस्ट्रिब्युटर हमखास थोडा सरकतो, तेव्हा हँडलने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून बल्ब खुणेवरच पेटतो ना, हे तपासावे. काम संपताच इग्निशन बंद करावे, नाहीतर पॉइंट मिटलेले राहून कॉइल तापते.

माझ्याकडे पहिल्या खेपेला बल्ब पेटायलाच तयार नव्हता आणि तासभर मी कॉइलवर संशय घेत बसलो. पॉइंटच्या नटाखालचा इन्सुलेशनचा वॉशर मीच चुकीच्या जागी घातला होता, त्यामुळे करंट कायम बॉडीला जात होता.

रोटर पहिल्या सिलिंडरसाठी ज्या टर्मिनलकडे पाहतो, तेथून घड्याळाच्या उलट दिशेने १-३-४-२ या क्रमाने वायरी लावाव्यात आणि प्लग बसवून इंजिन सुरू करावे. स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा, खूण दाखवणारा दिवा) असल्यास व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून, इंजिन शक्य तितके सावकाश चालवून खूण पाहावी; सैल बाह्या आणि ओढणी पंख्यापासून दूर ठेवाव्यात.

शेवटची पारख चढावर होते. इंजिन गरम झाल्यावर टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबताना धातूची टिकटिक ऐकू आली, तर टायमिंग एखादा अंश मागे घ्यावे. ज्या लुकास डिस्ट्रिब्युटरला बारीक दात्यांचा नट असतो, त्यावर साधारण अकरा टिचक्या म्हणजे एक अंश. क्लॅम्प पुन्हा सैल करावा लागत नाही.