परदेशात अपघात झाला तर: आधी थांबा, मग कागद मिळवा

दांडिया बाजारात स्कूटरला स्कूटर घासली की दोन मिनिटं आवाज चढतात, पानाच्या गल्ल्यावरचं कुणीतरी मध्ये पडतं आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटतं. मुला-मुलींकडे किंवा फिरायला परदेशी निघालेल्या बडोदेकरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ही सवय इथेच ठेवून जा. तिथे रस्त्यावर आपसात मिटवलं की हातात काही उरत नाही. पुढे विम्याचा दावा अडतो, आणि समोरच्याने दुसऱ्या दिवशी भलतंच सांगितलं तर आपली बाजू मांडायला पुरावा नसतो.

जागा सोडू नका

धक्का किरकोळ असला तरी थांबा. जर्मनीत उभ्या गाडीला ओरखडा काढून वायपरखाली चिठ्ठी ठेवली, एवढ्यावर भागत नाही. मालकाची वाट पाहावी लागते किंवा पोलिसांना कळवावं लागतं, नाहीतर तो पळून जाण्याचा गुन्हा ठरतो. ब्रिटनमध्ये थांबून नाव-पत्ता द्यावाच लागतो. तो जागेवर देता आला नाही, तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं.

चारही इंडिकेटर लावा. फ्रान्समध्ये चमकणारं जाकीट आणि लाल त्रिकोण गाडीत असावाच लागतो, आणि जाकीट गाडीतून उतरण्याआधी घालायचं असतं. हायवेवर असाल तर सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा.

कुणाला लागलं असेल तर लगेच फोन लावा. युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. दुबईत पोलिसांसाठी ९९९ आणि ॲम्ब्युलन्ससाठी ९९८. पत्ता सांगता येत नसेल तर जवळच्या दुकानदाराच्या हातात फोन द्या.

बोला कमी, फोटो काढा भरपूर

समोरच्याची विचारपूस जरूर करा, लागेल ती मदत करा. पण भीडेपोटी ‘माझंच चुकलं’ म्हणू नका. चूक कुणाची हे पोलीस आणि विमा कंपन्या ठरवतील. पैसे देऊ नका, घेऊही नका.

गाड्या हलवण्याआधी दोन्ही नंबर प्लेट, ठोकलेला भाग, रस्त्यावरचे पट्टे, सिग्नल आणि आजूबाजूच्या पाट्या यांचे फोटो घ्या. समोरच्याचा परवाना आणि विम्याचा कागद यांचाही फोटो हवा. साक्षीदार निघून जातात, म्हणून त्यांचा फोन नंबर आधी घ्या.

युरोपात बहुधा ‘युरोपियन ॲक्सिडेंट स्टेटमेंट’ नावाचा एक छापील फॉर्म पुढे येईल, त्याची आधीच ओळख करून घ्या. दोन कॉलम, एक गाडी ‘ए’चा आणि एक ‘बी’चा. मध्ये १७ प्रसंग छापलेले असतात: गाडी उभी होती, लेन बदलत होती, उजवीकडे वळत होती, असे. आपल्याला लागू असतील तेवढ्यांवरच खूण करायची आणि एकूण किती खुणा केल्या तो आकडा खाली लिहायचा. त्याखाली रस्त्याचं साधं चित्र काढायचं. भाषा कोणतीही असो, मांडणी तीच असते. म्हणून इंग्रजी फॉर्मची एक प्रत घरूनच छापून न्या आणि शेजारी ठेवून भरा. जे वाचता येत नाही किंवा पटत नाही, त्यावर सही करू नका. ‘माझं म्हणणं’ लिहायला वेगळी जागा असते, तिथे इंग्रजीत लिहिलं तरी चालेल.

पोलीस आले की रिपोर्टची प्रत, निदान त्याचा नंबर मागून घ्या. दुबईत तर पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला ठोकलेल्या गाडीला हात लावत नाही. गाडी भाड्याची असेल तर त्या कंपनीलाही तिथूनच फोन करा.

डॉक्टर आणि विमा

मानेचं आणि पाठीचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी वर येतं. आपली वडीलधारी माणसं मुलाला खर्च नको म्हणून ‘काही नाही रे झालं’ म्हणत बसतात. कृपा करून ऐकू नका, तपासून घ्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर जखम दिसत नसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि गोळीचं नाव सांगा.

जीवावरचं नसेल तर भरती होण्याआधीच पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करा, म्हणजे कॅशलेसची सोय होऊ शकते. जीवावरचं असेल तर आधी उपचार, फोन नंतर घरच्यांपैकी कुणीही करेल. तो नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण अपघातात मोबाइलही फुटतो.

दूतावासाकडून काय मिळतं

दूतावास तुमचं बिल भरत नाही, खटलाही लढवत नाही. वकिलांची यादी, घरच्यांना निरोप, हरवलेल्या पासपोर्टचे कागद, ही मदत मिळते. अगदीच अडलेल्यांसाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. घरून तक्रार नोंदवायला परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. अटक झालीच, तर दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तुम्हाला दिला आहे. तो स्पष्ट शब्दांत मागा.

निघण्याआधी

गाडी चालवणार असाल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो आणि त्याच्याबरोबर मूळ परवानाही जवळ लागतो. थायलंड किंवा बालीला स्कूटर घेणार असाल तर परवान्यात दुचाकीची नोंद आहे का ते नक्की पाहा. ती नसेल तर विमा कंपनी हात वर करू शकते. स्कूटरवाल्याकडे पासपोर्ट गहाण ठेवू नका.

परत आल्यावर मूळ बिलं, डिस्चार्जचा कागद, पोलीस रिपोर्ट आणि बोर्डिंग पास एका फाइलमध्ये ठेवा. दंडाची किंवा कोर्टाची नोटीस काही महिन्यांनीही येते, कधी मुलाच्या पत्त्यावर, कधी ई-मेलवर. ती आली तर गप्प बसू नका, मुदतीच्या आत उत्तर पाठवा.