गोव्याच्या दमट हवेत त्वचेला साजेशी प्रसाधने कशी निवडावीत

चेहरा दिवसभर चकाकतो, म्हणजे आपली त्वचा तेलकटच आहे, असे गोव्यात अनेकजण गृहीत धरून चालतात आणि निवडीतली पहिली चूक तिथेच होते. घाम आणि तेल वेगवेगळ्या ग्रंथींतून येतात. दमट हवेत घाम लवकर सुकत नसल्याने कोरड्या त्वचेचा माणूसही दुपारी तेलकट दिसतो, कडक फेसवॉश घेऊन दिवसातून चार वेळा तोंड धुतो आणि महिन्याभरात गालांवर पांढरट पापुद्रे व चुणचुण घेऊन बसतो. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी घरच्या घरी एक साधी तपासणी करावी.

संध्याकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन हलकेच टिपावा, काहीही न लावता तासभर पंख्याखाली बसावे आणि मग कपाळ, नाक, गाल व हनुवटी यांवर पातळ टिश्यूपेपरचा वेगवेगळा तुकडा दाबावा. हे तुकडे थोडा वेळ सुकू देऊन उजेडासमोर धरावेत. घामाचा ओलावा उडून जातो, तेलाचा पारदर्शक डाग मात्र तसाच राहतो. सगळ्या तुकड्यांवर डाग असेल तर त्वचा तेलकट, फक्त कपाळ आणि नाकाच्या तुकड्यांवर असेल तर मिश्र समजावी. कुठेच डाग नसून गाल ताणल्यासारखे वाटत असतील तर ती कोरडी, आणि डागही नाही व ताणही नाही तर ती सर्वसाधारण होय. संवेदनशीलता ही याहून निराळी गोष्ट आहे, कारण तेलकट त्वचाही संवेदनशील असू शकते. नवीन काही लावले की लाली येणे किंवा चरचरणे हीच तिची ओळख. ही तपासणी एकदा भर पावसात आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत करावी, कारण उत्तर बदलू शकते.

चेहरा धुण्यासाठी अंगाचा साबण वापरू नये. नेहमीच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा मोजणारा आकडा) ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा साधारण ५ च्या आसपास. धुतल्यावर त्वचा करकरीत वाटली म्हणजे ती स्वच्छ झाली असे नव्हे, तिचे संरक्षक तेलही निघून गेले. तेलकट आणि पुटकुळ्यांच्या त्वचेला सॅलिसिलिक ॲसिड असलेला फेसवॉश उपयोगी पडतो, कारण हे आम्ल तेलात विरघळत असल्याने रंध्रांत शिरून तिथली घाण मोकळी करते. कोरड्या किंवा संवेदनशील त्वचेसाठी फेस कमी होणारे आणि सुगंध नसलेले क्लीन्झर घ्यावे.

तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतोच. प्रश्न फक्त तो जेल असावा की क्रीम, एवढाच आहे. ग्लिसरीन व हायल्युरोनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात, सेरामाइड त्वचेचे कवच सांधतात आणि पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. पेडणे-डिचोलीकडून रोज स्कूटरवरून पणजीला येणाऱ्या माणसाला प्रवासात जेल पुरते, पण दिवसाचे आठ तास एसीत काढायचे असतील तर कोरड्या त्वचेला सेरामाइडयुक्त क्रीमच हवे, तेही तोंड धुतल्यावर त्वचा ओलसर असतानाच लावलेले. तेलकट त्वचेला नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेले जेल चांगले. मिश्र त्वचेसाठी सर्वत्र जेल आणि गालांवर थोडेसे क्रीम, इतके पुरे.

आपल्या घराघरांत असलेले खोबरेल कोरड्या हातापायांना उत्तम, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्याला ते लावू नये. केसांच्या कडेने कपाळावर बारीक पुटकुळ्यांची रांग उठत असेल, तर आधी डोक्याच्या तेलाकडे पाहावे. भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, मात्र मला मनापासून मोलाचे वाटते. भिरंडीच्या बियांतून निघणारा हा घट्ट, फिकट गोळा दोन बोटांत घोळवून टाचांच्या भेगांत भरला आणि वर मोजे घातले, की सकाळी फरक कळतो.

सनस्क्रीन सर्वांनाच हवे आणि पावसाळ्यातही हवे, कारण अतिनील किरणे ढगांतून खाली येतात. एसपीएफ हा ट्यूबवर छापलेला संरक्षणाचा आकडा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणे अडवते. म्हणजे आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा पुरेसे लावणे महत्त्वाचे. तर्जनी आणि मधले बोट यांवर ट्यूबमधून दोन पूर्ण रेघा काढाव्यात, तेवढे चेहरा व मानेला लागते. उन्हात असल्यास दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर किंवा समुद्रात पोहून आल्यावर लगेच ते पुन्हा लावावे. तेलकट त्वचेने जेल किंवा मॅट प्रकार, संवेदनशील त्वचेने झिंक ऑक्साइडचा प्रकार घ्यावा.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. वांग घालवण्यासाठी कुणाच्या तरी सल्ल्याने फार्मसीतून आणलेली, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली ट्यूब माझ्या एका नातलग बाईंनी दोन वर्षे चेहऱ्याला लावली. सुरुवातीला चेहरा उजळला, पुढे त्वचा इतकी पातळ झाली की गालांवरच्या रक्तवाहिन्या दिसू लागल्या, आणि ट्यूब थांबवताच सगळा चेहरा लालभडक झाला. ही स्टेरॉइडे आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. वांग, न बरी होणारी मुरुमे किंवा पसरणारा चट्टा असेल, तर प्रसाधने बदलत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही त्वचारोग विभाग आहे.

दुकानात वेष्टनाची पुढची बाजू वाचण्याआधी मागची वाचावी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे ज्या घटकाची जाहिरात आहे तो यादीच्या अगदी शेवटी असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. नवीन वस्तू आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी, एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि जळजळ नसेल तर परिणामासाठी सहा आठवडे थांबावे. दमट न्हाणीघरात उघड्या तोंडाच्या डबीत ओली बोटे बुडतात, म्हणून शक्यतो पंप किंवा ट्यूब घ्यावी. उघड्या डबीच्या चित्रात १२एम असे छापलेले असल्यास ती वस्तू उघडल्यापासून बारा महिनेच वापरायची असते, तेव्हा उघडल्याचा दिनांक त्याच दिवशी मार्करने तिच्या तळाशी लिहून ठेवावा.