सर्व्हरची आगोट

मृग लागायच्या आत आमच्याकडे घराघरात आगोट भरतात. सुकट, सोलं, लाकूडफाटा आत येतो, पडवीला झाप बांधले जातात. गेली काही वर्षं मी त्याच आठवड्यात पतसंस्थेच्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरचीही आगोट करतो. लिनक्सचं यंत्र आहे, त्यातल्या केव्हीएम या सोयीवर तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभी केलेली यंत्रं, चालतात, आणि त्यातलं हिशेबाचं मशीन उठलं नाही तर सकाळी दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याचेच पैसे देता येत नाहीत. म्हणून ही तयारी मला फार महत्त्वाची वाटते.

सुरुवात मदरबोर्डवरच्या सेलपासून करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडात पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आली तेव्हा सर्व्हर चालू झाला, पण एकही व्हर्च्युअल मशीन सुरू होईना. मी अर्धा दिवस डिस्कवर संशय घेत बसलो. खरं कारण सीआर २०३२ हा रुपयाएवढा सेल होता. भिंतीतून वीज मिळते तोवर त्याच्यावर भार नसतो. लांबलचक अंधारात जुना सेल बसला, बायॉसच्या (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग मूळपदावर गेल्या आणि व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रोसेसरमधली सोय, बंद झालं. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या संदेशांच्या यादीत, ‘केव्हीएम डिसेबल्ड बाय बायॉस’ अशी ओळ स्पष्ट होती, मी ती शेवटी वाचली. तेव्हा मे महिन्यात मल्टिमीटर लावून बघा. नवा सेल ३ व्होल्ट दाखवतो, २.८ च्या खाली गेला असेल तर बदलूनच टाका. बायॉसमध्ये ही सोय व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही या नावाने असते, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल गेला की घड्याळही मागे जातं, आणि तारीख चुकलेल्या यंत्रावर सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात, हेही वहीत टिपून ठेवा.

वही म्हणजे खरोखरची कागदाची वही. व्हर्च्युअल मशीन सांभाळायची कमांड म्हणजे ‘व्हर्श’. सगळं नीट चालू असताना ‘व्हर्श लिस्ट’ला ‘ऑल’ जोडून सगळ्या मशीनची नावं उतरवा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, वहीत रोमन स्पेलिंग लिहा. प्रत्येक मशीनची ‘डम्पएक्सएमएल’ने निघणारी सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या इमारतीत ठेवा. कोणत्या मशीनची डिस्क फाइल कुठल्या फोल्डरात आहे, मेमरी किती दिली आहे, ब्रिजचं (मशीनना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्याचं) नाव काय, हे हाताने लिहा. खाऱ्या हवेने नेटवर्क कार्ड खराब होऊन बदलावं लागलं, तर नव्या कार्डाचं नाव वेगळं येऊ शकतं आणि जुन्या नावावर बांधलेला ब्रिज उठत नाही. यंत्र व्हर्च्युअल मशीन चालवायला तयार आहे का हे तपासणारं ‘व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट’ एकदा चालवा आणि त्याचा निकाल जपून ठेवा, म्हणजे बिघाडाच्या दिवशी ताडून बघायला काहीतरी असेल.

मशीनला जोडलेली सीडीची इमेज काढून टाका. इन्स्टॉलेशनच्या वेळी लावलेली आयएसओ फाइल कुणीतरी जागा करण्यासाठी पुसतो आणि पुढच्या वेळी मशीन ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबतं. ‘डीफॉल्ट’ नेटवर्क आपोआप सुरू होतं का तेही पाहा. होत नसेल तर ‘नेट-ऑटोस्टार्ट’ लावा.

जागेकडे मात्र नीट वेळ द्या. क्यूकाऊटू फाइल, म्हणजे मशीनची डिस्क ज्यात असते ती फाइल, कागदावर १०० जीबीची असली तरी सुरुवातीला थोडीच जागा घेते आणि लिहाल तशी फुगत जाते. तीन मशीनला मिळून यजमानाच्या, म्हणजे खऱ्या यंत्राच्या, डिस्कपेक्षा जास्त जागा कबूल केलेली असते आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही. डिस्क भरली की चालतं मशीन ‘पॉझ्ड’ होतं. तेव्हा ते मेलेलं नसतं. जागा करून ‘व्हर्श रिझ्यूम’ दिलं की पुढे चालतं. जुने स्नॅपशॉट (मशीनची त्या-त्या वेळची जपलेली स्थिती) मेमध्येच आवरा, पण त्यांच्या फाइली हाताने पुसू नका. त्या एकमेकींवर आधारलेल्या असतात, साखळीतली खालची फाइल गेली की वरची निरुपयोगी होते. आधी ‘क्यूएमयू-इमेज इन्फो’ने साखळी बघा.

वीज जाताना मशीन मेमरीसकट गोठवून ठेवायची सेटिंग असेल, तर ती बदलून ‘शटडाउन’ करा. यूपीएसने मध्येच मान टाकली तर ती गोठवलेली फाइल अर्धवट राहते आणि मशीन उठायला अडून बसतं. ‘मॅनेज्डसेव्ह-रिमूव्ह’ने ती काढता येते. मेमरीतलं जातं, डिस्कवरचं राहतं, पण तो धोका हवाच कशाला?

बिघाडाच्या दिवसासाठी वहीच्या पहिल्या पानावर क्रम लिहून ठेवा. ‘व्हर्श स्टार्ट’ द्या आणि आलेला संदेश शब्दन्‌शब्द उतरवा. मग ‘व्हार लॉग लिबव्हर्ट क्यूएमयू’ या फोल्डरात त्या मशीनच्या नावाचा लॉग उघडून शेवटच्या ओळी वाचा. ‘राइट लॉक मिळाला नाही’ असं असेल, तर तीच डिस्क दुसऱ्या कुठल्या प्रक्रियेच्या हातात आहे. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर फाइलची मालकी, आणि एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर या लिनक्सच्या सुरक्षाव्यवस्थेने अडवलंय का ते बघा. फाइलच दिसत नसेल तर डेटाची डिस्क माउंट झाली (यंत्राला जोडली गेली) आहे का ते ‘डीएफ’ने बघा, बाहेरची डिस्क असेल तर हे फार होतं. मशीन ‘रनिंग’ दाखवतंय पण आतून उत्तर येत नाही, तर हा वेगळाच आजार. कन्सोल, म्हणजे त्या मशीनचा पडदा, उघडा. बहुतेक वेळा आतली फाइलसिस्टिम तपासणीवर थांबलेली असते.

डिस्क फाइलची दुरुस्ती मूळ फाइलवर कधीच करू नका. आधी मशीन बंद आहे याची खात्री करा, दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, मगच त्या प्रतीवर ‘क्यूएमयू-इमेज चेक’. घाईत मूळ फाइलवर दुरुस्ती चालवली आणि ती आणखी बिघडली, तर परत जायला काही उरत नाही. त्या प्रतीसाठीची रिकामी डिस्क आजच आणून कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात.

शेवटी मेमधला एक रविवार धरा. बॅकअप झाला की मशीन चालू असतानाच यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि घड्याळ लावा. तिन्ही मशीन नीट बंद व्हायला किती मिनिटं लागली आणि बॅटरी किती टिकली, ते वहीत लिहा. मग सगळं पुन्हा सुरू करा आणि हिशेबाच्या मशीनमध्ये एखादं खातं उघडून बघा.