मार्गदर्शकाच्या हाताखाली गीतलेखन कसे शिकावे

चार-सहा गीते वहीत आहेत, जवळच्या माणसांना ती आवडतात, पण गायला दिली की गायक कोठेतरी अडखळतो किंवा दुसऱ्या कडव्यापाशी ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हा लेख आहे. या टप्प्यावर ‘भरपूर वाचा’, ‘मनापासून लिहा’ असे सल्ले उदंड मिळतात. त्यांचा उपयोग होत नाही, कारण अडचण भावनेची किंवा वाचनाची नसते. आपल्या ओळीत नेमके कोठे बिघडले आहे हे आपल्याला ऐकू येत नाही, ही खरी अडचण असते. ते ऐकू यावे म्हणून काही काळ दुसऱ्याचे कान उसने घ्यावे लागतात. मी तीन वर्षे एका सरांकडे शिकले आणि त्यानंतर बरीच वर्षे नव्या गीतकारांचे खर्डे तपासत आले आहे. या शिक्षणातील बहुतेक पायऱ्या सोप्या आहेत. एकच अवघड आहे, आणि नेमके तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

मार्गदर्शक कोण असावा

तो प्रसिद्ध असण्याची गरज नाही. त्याला पेटीवर सूर धरता यावा किंवा निदान ठेका धरून ओळ म्हणता यावी, आणि ‘येथे मला कंटाळा आला’ असे तोंडावर सांगण्याची त्याची तयारी असावी, एवढे पुरे. केवळ वाचनाची कविता लिहिणारा कवी कितीही मोठा असला तरी गीतासाठी मी त्याच्याकडे पाठवणार नाही; डोळ्यांना सुंदर दिसणारी ओळ गळ्याला जड जाऊ शकते, हे त्याला अनुभवाने ठाऊक नसते. पहिल्या दोन भेटींत ज्याने केवळ कौतुक केले, त्याच्याकडे तिसऱ्यांदा जाऊ नये. मानधन, भेटींची संख्या आणि वेळ पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी. पंधरा दिवसांत एक गीत आणि एक भेट हे प्रमाण बहुतेकांना झेपते.

लघु-गुरू (एका मात्रेचे अक्षर लघु, दोन मात्रांचे गुरू), मात्रा, यमक हे आधीच येत असले पाहिजे. ‘तुझ्या’ या शब्दात जोडाक्षर असले तरी त्याचा आघात मागे पडत नाही, म्हणून ‘तु’ लघुच राहतो आणि ‘मध्ये’ या शब्दातला ‘म’ मात्र गुरू होतो, असे नियम शिकण्यासाठी मार्गदर्शकाचा वेळ खर्च करू नये. सुरेश भट यांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून ठेवली ती यासाठीच, की नियम ज्याचे त्याने घरी पक्के करावेत.

भेटीला जाताना

खर्डा ओळींमध्ये मोकळी जागा सोडून, हाताने लिहून न्यावा. वर तालाचे नाव लिहावे. साथीशिवाय स्वतःच्या आवाजात फोनवर गाऊन ठेवावे, सूर कसाही लागो.

भेटीत

आपले गीत आपण वाचू नये; ते मार्गदर्शकाला वाचू द्यावे, आणि शक्यतो मोठ्याने. आपण वाचतो तेव्हा ओळीतली खोट आपल्याच आवाजाने झाकली जाते, कारण कोठे घाई करायची आणि कोठे थांबायचे हे आपल्याला पाठ असते. दुसऱ्याला ते पाठ नसल्यामुळे तो जेथे अडतो तेथे पेन्सिलीने खूण करावी. त्या वेळी स्पष्टीकरण देऊ नये. ‘मला असे म्हणायचे होते’ हे वाक्य भेटीत तोंडातून निघाले, तर जे म्हणायचे होते ते कागदावर आलेले नाही एवढेच त्यातून सिद्ध होते.

पहिला प्रश्न नेहमी एकच असावा: हे गीत कोण गाते आहे, कोणाला उद्देशून, आणि कोणत्या क्षणी? गदिमांच्या गीतरामायणातील ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. ती वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत, आणि पात्र बदलले की शब्दांची उंची आणि स्वभाव बदलतो. आपल्या गीतात रामायणातले पात्र नसले तरी कोणीतरी बोलत असतेच. तो माणूस ठरलेला नसेल, तर पुढच्या सगळ्या दुरुस्त्या वरवरच्या ठरतात.

भेटीनंतरचे पुनर्लेखन

खुणा केलेला कागद घेऊन आपण घरी येतो, तेथून ती अवघड पायरी सुरू होते. माझी पहिली दीड वर्षे याच पायरीवर वाया गेली.

माझे सर उदार होते. ओळ अडली की ते क्षणभर डोळे मिटत आणि तिच्या जागी दुसरी ओळ सांगत. ती ओळ माझ्या ओळीपेक्षा चांगलीच असे, म्हणून मी ती आनंदाने उतरवून घेत असे. गीते सुधारत होती, लोक दाद देत होते, आणि आपण शिकतो आहोत अशी माझी खात्री झाली होती. मग सर काही महिन्यांसाठी मुलाकडे गेले आणि त्या काळात मला एकही गीत पूर्ण करता आले नाही. जुन्या वहीत पाहिले तेव्हा लक्षात आले, की प्रत्येक गीतातल्या ज्या ओळी लोकांना आठवत होत्या त्या सरांच्या होत्या. माझ्या वाट्याला त्यांच्यामधले सांधे तेवढे आले होते. यात त्यांचा दोष नव्हता. त्यांनी मदत केली होती आणि ती कशी घ्यावी हे मला समजले नव्हते.

उर्दूत या व्यवहाराला मोठी परंपरा आहे. शागिर्दाने गझल लिहावी आणि उस्तादाने तिची इस्लाह, म्हणजे दुरुस्ती करावी, अशी ती रीत. गालिब आपल्या शागिर्दांच्या गझला टपालाने मागवून दुरुस्त करून परत पाठवत. पण या रीतीत एक धोका आहे आणि त्याचे मोठे उदाहरण दिल्लीचेच आहे. बहादूरशहा जफर यांचे उस्ताद जौक. पुढे जौक यांचे शिष्य मुहम्मद हुसेन आझाद यांनी असा दावा केला, की जफर यांच्या नावावरचे बरेचसे काव्य प्रत्यक्षात जौक यांचेच आहे. बहुतेक अभ्यासक हा दावा मान्य करत नाहीत, तरी जफर यांच्या कवितेविषयी बोलताना तो वाद निघतोच. बादशहाच्या बाबतीत जर असे होते, तर तुमच्या-माझ्या गीतांचे काय होईल याचा विचार करावा.

म्हणून माझा आग्रह असा, की मार्गदर्शकाकडून जागा घ्यावी, ओळ घेऊ नये. कोठे बिघडले आणि कशामुळे बिघडले, हे दोन प्रश्न विचारावेत आणि तेथेच थांबावे. त्याने न मागता ओळ सांगितली तर ती वेगळ्या कागदावर लिहून, तो कागद पाकिटात घालून बाजूला ठेवावा आणि आपली नवी ओळ पूर्ण झाल्यावरच उघडावा. हे सांगायला संकोच वाटतो, पण स्पष्ट सांगितले तर चांगला मार्गदर्शक दुखावत नाही.

‘कशामुळे’ या प्रश्नाची उत्तरे बहुधा तीनच निघतात, आणि तिन्हींवर इलाज वेगळा असल्यामुळे त्यांच्यात गल्लत करू नये.

पहिले कारण लयीचे. नव्या लेखकांची येथे फार फसगत होते, कारण त्यांनी मात्रा मोजलेल्या असतात आणि त्या बरोबरही असतात. केरवा तालातल्या चालीसाठी लिहिलेली ही माझीच एक जुनी ओळ पाहा: ‘पिशवीत राहिली भाकर ती’. मोजल्यास सोळा मात्रा पूर्ण भरतात. पण केरव्याचे आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, आठ मात्रांचे. ‘पिशवीत’च्या पाच आणि ‘राहि’च्या तीन अशा आठ मात्रा संपतात आणि पुढची सम, म्हणजे नव्या आवर्तनाची पहिली मात्रा, ‘ली’वर पडते. गाताना ओळ ‘पिशवीत राहि, ली भाकर ती’ अशी चिरली जाते, आणि शेवटचा ‘ती’ केवळ मात्रा भरण्यासाठी आला आहे हेही उघडे पडते. हा दोष कागदावर दिसत नाही. मांडीवर हाताने ठेका धरून ओळ म्हटली की लगेच सापडतो. या प्रकारच्या दुरुस्तीवर मार्गदर्शकाशी वाद घालू नये. ती मुकाट्याने मान्य करून शब्दांचा क्रम बदलावा, आणि ‘रे’, ‘ग’, ‘ती’, ‘अन्’ असे भरीचे शब्द आधी काढून टाकावेत.

दुसरे कारण उच्चाराचे. बोलताना आपण ‘घर’ हा शब्द ‘घर्’ असा तोडतो, गाताना मात्र त्यातला ‘र’ पूर्ण उमलतो. त्यामुळे बोलण्यात चटपटीत वाटणारी ओळ गाण्यात लांबते. लांब सुरावर आ, ए, ओ हे स्वर गळ्याला मोकळे वाटतात. तेथे ‘ट्ट’, ‘क्ष’ यांसारखी अक्षरे आली की गायक अडखळतो. ध्रुवपदाचा शेवट कोणत्या स्वरावर होतो हे तर मी शब्द ठरवण्याआधीच पाहते.

तिसरे कारण खोटेपणाचे, आणि यालाच खरा वेळ द्यावा लागतो. माझ्या एका गीताची पहिली ओळ होती: ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर मन माझे झुलते’. लयीला ती निर्दोष आहे, उच्चारालाही सुरेल आहे. सरांनी तिच्याखाली रेघ मारली आणि एवढेच विचारले, ‘हा हिंदोळा तुम्ही कोठे पाहिलात?’ मी तो कोठेही पाहिलेला नव्हता. तो मराठी भावगीतांत मला तयार मिळाला होता. हिंदोळा, मनाचे पाखरू, आसवांच्या माळा हे शब्द वाईट नाहीत, पण त्यांच्यामागे आपला अनुभव लपून बसतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही.

अशा वेळी खूण असलेली ओळ दुरुस्त करत बसू नये, कारण ‘हिंदोळा’ काढून तेथे ‘झोका’ येतो आणि पुढे काही घडत नाही. एक रात्र जाऊ द्यावी. मग गीत बाजूला ठेवून, ज्या प्रसंगावरून ते सुचले तो प्रसंग गद्यात, दहा-बारा वाक्यांत लिहावा: किती वाजले होते, हातात काय होते, कोणता आवाज येत होता. माझ्या गद्यात संध्याकाळची शेवटची एसटी चुकलेली होती, फाट्यावर एक दिवा होता आणि पिशवीत सकाळची भाकरी होती. त्यानंतर त्याच मात्रांच्या साच्यात दहा ओळी लिहाव्यात, मग त्या चांगल्या असोत वा नसोत. पहिल्या चार ओळींत जुनेच शब्द फिरून येतात, म्हणून चौथ्या ओळीवर थांबणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. मला आठव्या प्रयत्नात ही ओळ मिळाली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी आली:

फाट्यावरती दिवा एकटा, गाडी गेलेली
हातामधल्या पिशवीमध्ये भाकर सुकलेली

दोन्ही ओळी सव्वीस मात्रांच्या आहेत, आठव्या आणि सोळाव्या मात्रेवर कोठेही शब्द तुटत नाही आणि आठवण हा शब्द न उच्चारता आठवण आलेली आहे. ‘राहिली भाकर ती’ ही अडलेली ओळ याच गीतातली. तिचीही सोडवणूक येथे आपोआप झाली. या ओळी थोर आहेत असे माझे म्हणणे नाही, पण त्या माझ्या आहेत. सरांनी सुचवलेली ओळ मी नंतर पाकिटातून काढून वाचली. ती अधिक सफाईदार होती, पण तिच्यात भाकरी नव्हती.

या तिसऱ्या प्रकारात मार्गदर्शकाशी मतभेद झाला तर तो होऊ द्यावा. लयीचा निर्णय त्याचा, अनुभवाचा निर्णय आपला, अशी वाटणी मी आजही पाळते. मात्र एकाच ओळीवर सलग तीन भेटींत खूण झाली तर आपला हट्ट सोडावा.

चाल लावल्यानंतर

संगीतकाराला गीत देताना गद्य टिपण देऊ नये, गीतच द्यावे. चालीसाठी शब्द बदलावा लागला तर तो आपण बदलावा, गायकावर सोडू नये. मार्गदर्शकाची एखादी ओळ अखेर गीतात राहिलीच, तर गीतकार म्हणून दोघांचे नाव लागणार की एकाचे, हे ध्वनिमुद्रणाआधी लेखी ठरवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची तरतूद आहे आणि पुढे वाद झाला तर तोंडी आठवणींना फारसा आधार राहत नाही.

सहा महिन्यांनी सगळे खुणांचे कागद तारखेप्रमाणे लावून खुणा मोजाव्यात. लयीच्या आणि उच्चाराच्या खुणा जवळजवळ संपलेल्या असतील, तर पंधरा दिवसांची भेट महिन्यावर न्यावी. खोटेपणाच्या खुणा तेव्हाही होत राहतील. माझ्या खर्ड्यांवर त्या अजून होतात, म्हणून वर्षातून दोनदा मी माझी नवी गीते एका मैत्रिणीकडे मोठ्याने वाचायला देते आणि हातात पेन्सिल घेऊन समोर बसते.