गाठीच्या शेजाऱ्यांनाही मोजा: को-कल्चर, मॅट्रिजेल आणि झायमोग्राफी

नुसत्या कॅन्सर पेशी प्लेटमध्ये वाढवायच्या आणि ही लाइन लय इन्व्हेसिव्ह (शेजारच्या टिश्यूत घुसणारी) आहे म्हणायचं, हे अर्धवट काम झालं. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने 1889 मध्येच बी आणि मातीची गोष्ट सांगून ठेवलीय: कॅन्सर पेशी म्हणजे बी, आणि माती जुळली तरच ते रुजतं. बऱ्याच गाठींमध्ये एमएमपी-2 (पेशींभोवतीची प्रोटीनची जाळी कापणाऱ्या एमएमपी एन्झाइमपैकी एक) मुख्यतः शेजारचे फायब्रोब्लास्टच (ती जाळी विणणाऱ्या पेशी) बनवतात, कॅन्सर पेशी आपल्या अंगावरच्या सीडी147 या प्रोटीनने त्यांना नुसतं चिथावतात.

म्हणून तीन प्लेट लावा, एकट्या कॅन्सर पेशी, एकटे फायब्रोब्लास्ट आणि दोघं एकत्र, म्हणजे को-कल्चर. मीडियम सीरम-फ्री घ्या, कारण सीरममध्येच एमएमपी असतात आणि मग कोणाचं काय ते कळतच नाही. 24 तासांनी मीडियम काढा, स्पिन करा, प्रोटीन मोजून सगळ्यांचं सारखं लोड करा.

इन्व्हेजनसाठी मॅट्रिजेल (पेशींभोवतीच्या जाळीसारखं, गार असताना पातळ राहणारं जेल) आदल्या रात्री बर्फात ठेवून फ्रिजमध्ये वितळवा, टिप्ससुद्धा गार हव्यात, नाहीतर ते टिपमध्येच गोठून बसतं. 8 मायक्रॉनच्या भोकांचं इन्सर्ट (तळाला सच्छिद्र पडदा असलेली छोटी वाटी) घ्या, पडद्यावर मॅट्रिजेलचा थर, खाली फायब्रोब्लास्ट, वर कॅन्सर पेशी. मॅट्रिजेल नसलेलं एक इन्सर्ट ठेवाच, नाहीतर पेशी जाळी पोखरून गेल्या की नुसत्या सरकल्या ते सांगता येत नाही. शेवटी वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसा, खालच्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजा.

आता झायमोग्राफी, म्हणजे मघाशी काढलेल्या मीडियममधले एमएमपी जेलमध्ये वेगळे करून ते जिलेटिन खातात का ते बघणं. एसडीएस (प्रोटीन उलगडणारा डिटर्जंट) जेलमध्ये मिलीलीटरला 1 मिलीग्रॅम जिलेटिन टाका. सॅम्पल उकळायचं नाही, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही, नाहीतर एन्झाइम कायमचा बिघडतो! मी एकदा वेस्टर्न ब्लॉटच्या (तिथे सॅम्पल उकळतात) सवयीने सरळ 95 डिग्रीला ठेवले, सकाळी अख्खं जेल निळंशार, एक बँड नाही, आठवडा गेला. जेल रन झाल्यावर 2.5 टक्के ट्रायटन या सौम्य डिटर्जंटने एसडीएस धुऊन काढा, मग कॅल्शियमवाल्या बफरमध्ये 37 डिग्रीला रात्रभर. कुमासीने रंगवलं की निळ्यावर पांढरे पट्टे दिसतात, 92 किलोडाल्टनला प्रो-एमएमपी-9 (प्रो म्हणजे अजून चालू न झालेलं रूप), 72 ला प्रो-एमएमपी-2, त्याच्या जरा खाली अ‍ॅक्टिव्ह एमएमपी-2.

पट्टा दिसला म्हणून लगेच नाचू नका हं. एसडीएसमुळे प्रो-एन्झाइमपण जिलेटिन खातं, आणि टिंप नावाचे इनहिबिटर जेलमध्ये वेगळे पडतात, त्यामुळे टिश्यूत तो एन्झाइम खरंच चालू होता का हे यातून कळत नाही. को-कल्चरमध्ये 72 च्या खालचा पांढरा पट्टा ठळक झाला तर मात्र लक्ष द्या, तिथे अ‍ॅक्टिव्हेशन वाढलेलं असू शकतं. आणि एक लेन कापून ईडीटीएच्या (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) बफरमध्ये ठेवा, तिथे पट्टा गायब झाला तर तो मेटॅलोप्रोटीनेजच, म्हणजे धातूवर चालणारा एन्झाइम.